ताट पाडून बघितलं

माझ्या पिशवीत एक पितळेची घंटी असते. शिवाय एक खुळखुळा, लाल लोकरीचा गोळा, इंच-इंचाचे लाकडी ठोकळे, टॉर्च आणि बेदाण्यांची छोटी बाटली. कुणी उघडून बघितली तर ही बाई बारशाला निघाली आहे असंच वाटेल. पण हे सगळं सामान सरकारी यादीतलं आहे. लोकरीचा गोळा तान्ह्या मुलासमोर फिरवायचा आणि नजर त्याच्या मागोमाग जाते का बघायचं. ठोकळे रचायला द्यायचे. नऊ-दहा महिन्यांचं मूल बेदाणा चिमटीत उचलतं का ते बघायचं, आणि तो तोंडात जायच्या आत काढून घ्यायचा. बाटली महिनाभर पुरावी अशी अपेक्षा असते. ती आठ दिवसांत रिकामी होते, आणि त्याबद्दल आमच्या पथकातल्या फार्मासिस्टला कुणी काही विचारत नाही.

मी बीएएमएस. रत्नागिरी तालुक्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात काम करते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी हा कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. एका पथकात दोन आयुष डॉक्टर, एक बाई आणि एक पुरुष, सोबत परिचारिका, फार्मासिस्ट आणि गाडी. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल. शोधायचं काय, तर जन्मतःची व्यंगं, पोषणातली उणीव, लहानपणचे आजार आणि विकासातला उशीर. वाडीवर आमचं नाव इतकं लांब नाही. ‘तपासणीवाले आले’, संपलं.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, रोज काहीतरी मोठं सापडेल. निवळी तिठ्यावरून गाडी जाकादेवीच्या रस्त्याला लागली की मी मनातल्या मनात कॉलेजातल्या पुस्तकांची उजळणी करत असे. सापडायचं काय? किडके दात. उवा. बोटांच्या बेचक्यातली खरूज. कमरेवरचं गजकर्ण, पावसाळ्यात तर घरटी एक. फुटलेले कान आणि त्यात आजीने घातलेला तेलाचा बोळा. तळहात फिकट. या शेवटच्या गोष्टीची तर सवयच होऊन गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी रक्तक्षय असलेली मुलं २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ती ६८.९ टक्के झाली. म्हणजे दर तीन मुलांत दोन. आणि तळहात बघून कळतो तो बराच पुढे गेलेला रक्तक्षय. सौम्य असेल तर माझ्या डोळ्यांना तो दिसतही नाही. शाळेत लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, अशी लोहाची गोळी आठवड्याला एक मिळते. ती पोटात किती जाते आणि गडग्यापलीकडे किती जाते, हे शाळेमागचा गडगा सांगू शकेल.

तर मोठं काही सापडेना. दिवसाला शंभर मुलं बघायची असतील आणि हाताशी चार तास असतील, तर दोन डॉक्टरांत मिळून एका मुलाला पाच मिनिटंही येत नाहीत. त्यात वजन-उंची, डोळे, दात, छाती, पोट, कातडी आणि रजिस्टर. रजिस्टरमध्ये ‘नॉर्मल’ हा शब्द मी इतक्यांदा लिहिला की ‘र’चा रफार हाताने आपोआप पडायला लागला. दुसऱ्या वर्षी मी घरी स्पष्ट बोलून दाखवलं, की हे काम एखाद्या चांगल्या शिकवलेल्या नर्सलाही जमेल, मग डॉक्टर कशाला?

त्यानंतर साधारण वर्षभराने खाडीकाठच्या एका अंगणवाडीत तो मुलगा आला. अडीच वर्षांचा, अंगापिंडाने चांगला, दात स्वच्छ. रजिस्टरमध्ये वजन हिरव्या पट्ट्यात. माझ्या समोर बसून त्याने सहा ठोकळ्यांचा मनोरा केला, पाडला, हसला. सेविकेने हजेरीच्या वहीत नावापुढे ‘हट्टी’ असं कंसात लिहिलेलं होतं. कारण काय, तर हाक मारली तरी येत नाही. मी सवयीने त्याच्या मागे हात नेऊन घंटी वाजवली. तो मनोऱ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या बाजूला वाजवली. बाजूच्या तीन पोरांनी माना वळवल्या, हा आपला ठोकळ्यांत.

आई दारातल्या पायरीवर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं तर ती आधीपासूनच माझ्याकडे बघत होती. म्हटलं, “घरी आवाजाकडे बघतो का हा?”

ती एकदम बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, मी ताट पाडून बघितलं.”

“कधी?”

“गणपतीच्या आधी. तो चुलीकडे तोंड करून बसलेला, मी मागून स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. सासूबाई माजघरातून ओरडल्या, काय फुटलं म्हणून. हा बसलेला तसाच. मला वाटलं, खेळात असेल. दुसऱ्या दिवशी परत टाकलं. मग पितळेची परात टाकली.”

गणपतीनंतर दिवाळी होऊन गेली होती. मी विचारलं, कुणाला सांगितलं नाहीस का? नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं. तो मुंबईत, तो म्हणाला, माझं पण बोलणं उशिरा आलं. सासूबाई म्हणाल्या, मुलगे उशिराच बोलतात. सर्दी झाली म्हणून ती त्याला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. तिथे रांग मोठी, आणि सर्दीचं औषध घेऊन झाल्यावर ताटाची गोष्ट कशी काढायची हे तिला सुचलं नाही. माझं पोर बहिरं आहे असं आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं? म्हणून ती थांबली होती. कशासाठी थांबली होती, तर कुणीतरी विचारावं म्हणून.

माझ्या घंटीने काही शोध लावला नव्हता. शोध तीन महिने आधी स्वयंपाकघरात लागलेला होता, तोही तीनदा खात्री करून, आणि तिसऱ्यांदा भांडं बदलून. आमच्या कॉलेजात संशोधनाची पद्धत शिकवणाऱ्या सरांना ही बाई आवडली असती.

पुढचं काम मात्र सोपं नव्हतं. कानाची खरी तपासणी, जिला बेरा म्हणतात, ती मूल गाढ झोपलेलं असताना करतात. डोक्याला तारा लावून कानात आवाज सोडायचा आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते मशीनवर बघायचं. त्यासाठी आदल्या रात्री मुलाला जागवायचं आणि सकाळी घेऊन यायचं. तिने जागवलं. पहाटेची पहिली एसटी धरली. आता, रात्रभर जागवलेलं मूल एसटीत बसल्यावर काय करणार? वळणावळणाच्या रस्त्याने ते दीड तास असं झोपलं की रुग्णालयाच्या दारात उतरलं ते ताजंतवानं. तिथे कुणी तिला परत या म्हणालं. पुढची तारीख पाच आठवड्यांनी. दुसऱ्या वेळी आमच्या सिस्टरने तिला युक्ती सांगितली, की आदल्या दिवशीच जाऊन शहरातल्या नातेवाइकांकडे उतर. नातेवाईक मिळाले म्हणून तपासणी झाली. ज्यांचे शहरात कुणी नाहीत त्यांचं काय होतं, ते आमच्या रजिस्टरमध्ये ‘संदर्भित केले’ या दोन शब्दांत मावतं.

१९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर या दोन डॉक्टरांची एक पुस्तिका छापली. निरोगी दिसणाऱ्या माणसांत आजार शोधायला कधी जावं, याचे दहा निकष तिच्यात आहेत. अजून जगभर तेच वापरतात. त्यांतला एक निकष असा, की निदानाची आणि उपचाराची सोय असल्याशिवाय शोधायला जाऊ नका. आमच्याकडे सोय असते. कागदावर तर चोख असते. पण खाडीपलीकडच्या वाडीपासून ती सोय किती एसटी, किती रिक्षा आणि किती बुडालेली मजुरी इतक्या अंतरावर आहे, ते त्या पुस्तिकेत कसं येणार?

छातीत आवाज असलेल्या एका मुलीचं असंच झालं. चार वर्षांची. स्टेथोस्कोप ठेवला आणि दोन ठोक्यांच्या मध्ये फुंकर मारल्यासारखा आवाज. हृदयात छिद्र असावं. शस्त्रक्रियेचा खर्च शासनाकडून होतो, हे मी वडिलांना समजावलं. ते म्हणाले, “पोर आंब्यावर चढतं मॅडम. चढून उतरतं पण. ह्याला आजार म्हणायचं?” त्यात लावणी तोंडावर. मुंबईला पंधरा दिवस कोण राहणार, राहणार कुठे, घरातल्या दोन म्हशींना कोण बघणार? मी त्यांच्यावर चिडले. गाडीत बसल्यावर आमचे दुसरे डॉक्टर म्हणाले, “तुम्ही म्हशी बघायला जाताय का? नाही ना? मग चिडू नका.” दोन वर्षं आम्ही त्या घरी फेऱ्या मारल्या. आशाताई आठवड्याला मारत होती. शेवटी शिमगा झाल्यावर गेले. परत आल्यावर मुलीच्या आईने मला सहज सांगितलं, की ही अंगावर पीत होती तेव्हा हिच्या कपाळाला घाम यायचा, दोन घोट प्यायची आणि दम खायची. तिला ते बरोबर आठवत होतं. पाठ्यपुस्तकात हे लक्षण याच शब्दांत आहे. इतक्या वर्षांत तिला ते कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी छाती ऐकली आणि वडिलांशी बोलले.

तेव्हापासून मी रजिस्टरला हात लावायच्या आधी आईला एक प्रश्न विचारते: “तुम्हाला याच्याबद्दल काय वाटतं?” आजार आहे का, त्रास आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येतं. तपासणीवाल्यांसमोर आपलं पोर नापास होऊ नये असं कुणालाही वाटणारच. ‘काय वाटतं’ म्हटलं की बाई आधी हसते, मग सेविकेकडे बघते, आणि मग बोलते. दहांतल्या सात जणी ‘जेवत नाही’ म्हणतात. (कोकणात जेवणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही, जी गुटगुटीत आहेत तीही जेवत नाहीत.) बाकीच्या तिघी जे बोलतात त्यासाठी गाडीचं डिझेल वसूल होतं.

पण हे सगळीकडे लागू पडत नाही, आणि माझा हा लाडका प्रश्न दोन ठिकाणी चारी मुंड्या चीत होतो.

एक म्हणजे तिरळा डोळा. आमच्याकडे तो नशीबवान मानतात. एका सहा वर्षांच्या मुलीच्या आजीला मी विचारलं, काय वाटतं हिच्या डोळ्याबद्दल? आजीचा चेहरा उजळला. “डोला तिचा नशिबाचा हाय गो बाय. ती जन्मली नि तिच्या बापसाला बोटीवर काम लागलं.” आता यावर मी काय बोलणार? बापाला नोकरी लागली हे खरंच होतं. मी मुलीचा चांगला डोळा हाताने झाकला आणि समोर बोटं धरली. तिला दिसेनात. दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळत नसली की मेंदू वाकड्या डोळ्याकडून येणारं चित्र टाकून देतो आणि तो डोळा हळूहळू आळशी होतो. डोळा नुसता दिसायला शाबूत, कामाचा नाही. सात-आठ वर्षांच्या आत चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून वाकड्याला कामाला लावलं तर पुष्कळ फरक पडतो, नंतर अवघड. पट्टी दिली. आजी रोज दुपारी ती काढून टाकायची. तिचं म्हणणं असं, की चांगला डोळा झाकायचा आणि वाईटाने बघायला लावायचं, हे कसलं औषध? ऐकायला तिचंच बरोबर वाटतं. मुलगी धडपडायची, रडायची, आणि आजीला ते बघवायचं नाही. शाळेतल्या बाईंनी मग शाळेचे पाच तास पट्टी आपल्या ताब्यात घेतली. दहा वाजता लावायची, तीन वाजता काढून कपाटात. निम्मी नजर परत आली. पूर्ण नाही. आणखी दोन वर्षं आधी कळलं असतं तर, असं मला अजून वाटतं.

दुसरं ठिकाण शाळा. तिथे विचारायला आई समोर नसते, आणि चूक तर माझीच. सातवीतली एक मुलगी. डोळ्यांचा तक्ता भिंतीला, वीस फुटांवर मुलं, एकेक डोळा झाकून वाचायचं. वाचलं तिने धडाधड, शेवटच्या ओळीपर्यंत. मी ‘नॉर्मल’ लिहिलं. पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेले तर गुरुजी म्हणाले, “मॅडम, हिला फळ्यावरचं दिसत नाही. शेजारणीच्या वहीतलं उतरवते.” मी परत तक्ता लावला. परत धडाधड. मग तक्ता उलटा केला. मुलगी गप्प. तिचा क्रमांक मागचा होता, पुढची अठरा मुलं तोच तक्ता मोठमोठ्याने वाचत होती, आणि तिला वाटलं ही परीक्षा आहे. तिने पाठ केला. हुशार होती. चष्म्याचा नंबर निघाला वजा साडेतीन. एक वर्ष ती मुलगी माझ्या ‘नॉर्मल’मुळे आंधळी कोशिंबीर खेळत शाळा शिकली. आता माझ्याकडे दोन तक्ते आहेत आणि बाकीची मुलं बाहेर व्हरांड्यात थांबतात. एवढी साधी गोष्ट मला सुचायला एक मूल लागलं.

बरोबरीच्या डॉक्टरांशी बोलताना जाणवतं, की मुलांच्या तपासणीबद्दल प्रत्येकाचं मत त्याच्या खुर्चीवर ठरतं. बाजारपेठेत तीस वर्षं दवाखाना चालवणारे एक ज्येष्ठ डॉक्टर आहेत. ते म्हणतात, “बरं असलेलं मूल माझ्याकडे कोण आणतो? आणलं तर मी पैसे कसले घेऊ? काही झालेलं नाही याचे?” पण याच माणसाला मी खोकल्याच्या मुलाचा शर्ट वर करून बेंबी, जांघ, पाठ सगळं न बोलता बघताना पाहिलंय. एकदा असंच एका मुलाची वृषणं खाली उतरलेली नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी असते, आणि हे दुखणं असं की आई लाजेने कुणाला दाखवत नाही. त्यांनी खोकल्याच्या साठ रुपयांत ते बघितलं. तपासणी म्हणजे काय, यावर आमचं कधी एकमत होत नाही, पण ती ते रोज करतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातला तरुण वैद्यकीय अधिकारी वेगळं सांगतो. त्याच्याकडे सकाळी ओपीडी, दुपारी बैठक, रात्री बाळंतपण. “निरोगी मूल शांतपणे बघायला मला आवडेल हो. पण फुरसं चावलेला माणूस दारात उतरवला की निरोगी माणूस आपोआप मागे सरतो.” त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. फुरशाच्या जिल्ह्यात राहून कसं म्हणू?

शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांचं मत मला सगळ्यांत पटतं, जरी ते ऐकून आमच्या पथकाचं पोट दुखावं. ते म्हणतात, दर वर्षी सगळ्यांना पाच मिनिटं देण्यापेक्षा ठरावीक वयाला वीस मिनिटं द्या. लसीकरणाचं वेळापत्रक बघा. दीड-दोन वर्षांच्या बूस्टरनंतर सुई पाच वर्षांनाच. मधली तीन वर्षं मूल फक्त ताप आला तर डॉक्टरला दिसतं. बोलणं, ऐकणं, बघणं, माणसांत मिसळणं, सगळं याच वर्षांत घडतं किंवा अडतं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, पण वजनकाट्याला मूल बोलत नाही हे कळत नाही.

माझी एक वर्गमैत्रीण लग्नानंतर जर्मनीत गेली, तिने तिच्या मुलीचं पिवळं पुस्तक मला व्हिडिओवर दाखवलं होतं. तिथे १९७१पासून मुलांच्या तपासण्या ठरलेल्या वयाला होतात, यू-१, यू-२ अशा क्रमांकाने, आणि सगळ्यांची नोंद त्या एकाच पुस्तकात. काही राज्यांत तपासणी चुकली तर घरी पत्र येतं. मैत्रिणीला त्याचं अप्रूप. मला त्या पुस्तकापेक्षा एका गोष्टीचा हेवा वाटला, की तिच्या मुलीचा डॉक्टर पाच वर्षं एकच होता. माझं मात्र असं, की सहा महिन्यांनी त्याच अंगणवाडीत गेले तर तीच मुलं मला नवीन असतात आणि मी त्यांना. आपल्याकडचं माता-बाल संरक्षण कार्डही खरं तर त्याच विचाराचं आहे. आम्ही ते लसीच्या तारखेसाठी उघडतो आणि वाढीच्या आलेखाचं पान कोरं राहतं.

आणि इकडे रत्नागिरीतसुद्धा आता ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजं मुलांसाठी मिळायला लागली. वाढदिवसाला भेट म्हणून देतात म्हणे! हे मला मुळीच पटत नाही. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ची रेषा अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पाच तिच्याबाहेर पडणारच. एका धडधाकट मुलाच्या वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्या तर एखादी तरी रेषेबाहेर जाण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या वर जाते. मग त्या एका आकड्यामागे आईबाप सहा महिने पळतात. त्या पैशांत डोळे तपासा, दात दाखवा, आणि उरलेल्यात मुलाला बांगडे खायला घाला.

फेब्रुवारी २०२३मध्ये ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ ही मोहीम राज्यभर निघाली तेव्हा आम्ही दिवसरात्र पळत होतो. मला तिचं नाव आवडलं होतं. पण आमच्या भागात पालक जागरूक असून चालत नाही, ते गावात असावे लागतात. आईबाप मुंबईत, नालासोपाऱ्याला किंवा विरारला, आणि मूल आजीकडे, असं दर वाडीत दोन-चार घरी सापडतं. आजीला विचारलं, काय वाटतं? ती म्हणते, “मला काय कलतं? त्याची आऊस येईल गणपतीत, तिला इचारा.” म्हणजे माझा एकमेव प्रश्नही गणपतीपर्यंत लांबणीवर. म्हणून गेली तीन वर्षं मी गणपतीत रजा घेत नाही. सुट्टीच्या दिवसांत तपासणी नसते, पण कुणाच्या घरी आरतीला गेलं की ओटीवर बसलेली चाकरमानी आई हमखास भेटते. घरच्यांना हे फारसं आवडलेलं नाही.

आंब्याच्या बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांचं तर त्याहून अवघड. दिवाळीच्या सुमाराला येतात, पाऊस लागायच्या आत जातात. त्यांची मुलं कुठल्याच यादीत सापडत नाहीत. बागेत गाडी नेली तर आई झोपडीच्या दारात उभी राहते, माझं मराठी तिला कळत नाही, तिचं नेपाळी मला कळत नाही, दोघींच्या मोडक्या हिंदीत ‘काय वाटतं’ हा प्रश्न बसतच नाही. तिथे मी निमूट वजन, दंडाचा घेर, डोळे, छाती बघते. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली दंडाची पट्टी लाल दाखवते. तिला भाषा लागत नाही. तेव्हा, वजनकाट्यावर आणि पट्टीवर मी पूर्वी जे तोंडसुख घेतलं ते थोडं परत घेते.

तो खाडीकाठचा मुलगा नंतर वर्षभराने भेटला. दोन्ही कानांत यंत्रं, आईने शर्टाला दोऱ्याने बांधलेली, हरवू नयेत म्हणून. शहरात वाचा-उपचाराला आठवड्यातून एकदा जातात असं सेविका सांगत होती. आता हजेरीच्या वहीत नावापुढचा कंस खोडलेला होता. तो सरळ माझ्या पिशवीकडे आला, आत हात घालून घंटी काढली आणि कानाजवळ वाजवली. थांबला. मग एक यंत्र ओढून काढलं, दुसरं काढलं, आणि परत वाजवली. परत यंत्रं घातली, परत वाजवली. पाच-सहा वेळा. आई पायरीवर उभी राहून हे बघत होती आणि एकदाही त्याला थांबवत नव्हती.

घंटी परत द्यायला तो काही तयार होईना. ओढाओढी केली असती तर रडला असता, आणि आमची पुढची अंगणवाडी साडेबाराला होती. तिथे त्या दिवशी मी सेविकेकडून एक ताट मागून घेतलं.